अवघ्राण

महाभारताची भाषांतरं वाचताना एका ठिकाणी मी दर वेळी अडखळतो. आदिपर्वात शकुंतला सहा वर्षांच्या मुलाला घेऊन दुष्यंताच्या दरबारात येते. राजा ओळख दाखवत नाही. मोठा वाद होतो, शेवटी आकाशवाणी होते आणि राजा मुलाला जवळ घेतो. त्या क्षणी तो नेमकं काय करतो? भाषांतरात पुष्कळदा वाचायला मिळतं की त्यानं मुलाच्या मस्तकाचं चुंबन घेतलं. मूळ संस्कृतात तिथे चुंबन नाही. तिथलं क्रियापद ‘घ्रा’ या धातूपासून आलेलं आहे. राजा मुलाचं डोकं हुंगतो.

हुंगण्याच्या या कृतीला संस्कृतात नावं आहेत: आघ्राण, उपाघ्राण, अवघ्राण. डोक्याचं असेल तर मूर्धावघ्राण. यातला ‘अवघ्राण’ मला सगळ्यांत जवळचा वाटतो, कारण ‘अव’ म्हणजे खाली. त्यात वाकणं आहे. मोठं माणूस लहानाच्या टाळूवर वाकतं आणि श्वास आत घेतं. रामायण-महाभारतात ही कृती इतक्या वेळा येते की वाचणारा तिच्यावरून सहज पुढे जातो. विश्वामित्राबरोबर पाठवण्याआधी दशरथ रामाचं मस्तक हुंगतो. वनवासाला निघालेल्या रामाला खाली वाकवून कौसल्या त्याचं मस्तक हुंगते. कालिदासाच्या रघुवंशात परतलेला राम भरताला मिठी मारतो आणि त्याचं डोकं हुंगतो. या सगळ्या जागी आपण ‘चुंबन’ लिहून मोकळे होतो. माझं म्हणणं असं आहे की हे चुंबन नव्हे, चुंबनाचं जुनं नाव नव्हे, आणि चुंबनाची बाल्यावस्थाही नव्हे. ही वेगळी कृती आहे, तिचा अर्थ वेगळा आहे, आणि भाषांतरात तो अर्थच हरवतो.

पाणिनीय परंपरेतल्या धातुपाठात प्रत्येक धातूपुढे त्याचा अर्थ एकदोन शब्दांत दिलेला असतो. ‘चुंब्’ धातूपुढे ‘वक्त्रसंयोग’ आहे, म्हणजे तोंडाचा संयोग. ‘घ्रा’पुढे ‘गंधोपादान’ आहे, म्हणजे गंध आपल्याकडे घेणं. पहिल्यात जोडणं आहे, दुसऱ्यात घेणं. मराठीनंही हा भेद नकळत जपलेला दिसतो. मुका आपण घेतो आणि देतोही. वास मात्र फक्त घेतो; कुणी कुणाला वास देत नाही, तो येतो. समोरचं माणूस काही न करता, झोपेतसुद्धा, आपल्यापर्यंत येत असतं, आणि हुंगणारा त्याला आत घेतो. वास घेणं म्हणजे थोडं आत घेणंच, हे आपल्या स्वयंपाकघरांनाही ठाऊक होतं. देवापुढे ठेवायच्या नैवेद्याचा वास घेऊ नकोस, म्हणून आमच्या पिढीतल्या बहुतेकांनी रागावून घेतलेलं आहे. वास घेतला की अर्धं जेवण झालं, उष्टं झालं.

आता शकुंतलेकडे परत येऊ, कारण माझ्या म्हणण्याचा सगळा भार तिच्यावर आहे.

आपल्या डोक्यात जी शकुंतला आहे ती कालिदासाची. शाप, अंगठी, मासा, कोळी हे सगळं त्याच्या नाटकातलं. महाभारतातल्या शकुंतलेकडे अंगठी नाही. तिथे शापही नाही. राजाला सगळं आठवतं आहे आणि तरी तो आठवत नसल्याचं सांगतो. म्हणजे तिच्या हातात पुरावा म्हणून दाखवायला एकही वस्तू नाही. तिथे ती जे भाषण करते ते वकिलाला शोभेल असं आहे. मुंग्यासुद्धा आपली अंडी जपतात, फोडत नाहीत, असं ती सांगते. मुलाच्या स्पर्शाइतका सुखाचा स्पर्श जगात नाही, असं सांगते. आणि पुढे सांगते की परगावाहून परतलेली माणसं मुलांना मांडीवर घेतात, त्यांची डोकी हुंगतात आणि आनंदतात. ती राजाकडे धन मागत नाही. तू याचा वास घे, असं तिचं मागणं आहे. तसं केलंस की तुला नाही म्हणता येणार नाही, हा तिचा विश्वास त्यामागे आहे.

राजा तेव्हा ते करत नाही. तो दूरच उभा राहतो, आणि दूर राहिला म्हणूनच त्याला खोटं बोलता येतं. आकाशवाणी झाल्यावर तो दरबाराला सांगतो की नुसत्या हिच्या शब्दावर मुलाला घेतलं असतं तर लोकांनी शंका घेतली असती. आणि मग तो मुलाचं मस्तक हुंगतो. हा प्रसंग ‘त्यानं मुलाचा मुका घेतला’ असा वाचला तर एका बापाचं वात्सल्य दिसतं, तेही खरंच. पण शकुंतलेनं मागितलं होतं ते वात्सल्य नव्हतं, ओळख होती. राजानं सगळ्यांसमक्ष केलेली कृती म्हणजे ‘हा माझा’ ही कबुली आहे. एका शब्दाच्या भाषांतरानं तिच्या युक्तिवादाचा शेवटचा दुवा तुटतो. तिनं जे मागितलं तेच तिला मिळालं, हे वाचकाला कळतच नाही.

यावर कुणी म्हणेल की मस्तक हुंगणं हा महाकाव्यांतला ठरीव वाक्प्रचार आहे. शब्दशः हुंगणं कुणाच्या मनात नसणार. आक्षेप रास्त आहे. पुष्कळ जागी तो ठरीव आहेच. पण ठरीव होण्याआधी तो आचार होता, आणि त्या आचाराची कृती लिहून ठेवलेली आहे. आश्वलायन गृह्यसूत्रात सांगितलं आहे की प्रवासाहून परतलेल्या बापानं मुलाचं डोकं दोन्ही हातांत धरावं, मंत्र म्हणावा आणि तीनदा मस्तक हुंगावं. कौषीतकी उपनिषदातही प्रवासाहून परतणाऱ्या बापाचा हाच विधी आहे. माझ्या अंगांगांतून, हृदयातून तू जन्मलास, शंभर वर्षं जग, अशा आशयाचे मंत्र त्यात आहेत. आणि हुंगताना बापानं काय करायचं? गायी वासराला पाहून जो आवाज काढतात, तो हिंकार करायचा.

मला हे वाचून दर वेळी भरून येतं. ज्या ग्रंथात प्राण आणि प्रज्ञा यांची इतकी सूक्ष्म चर्चा आहे, तोच ग्रंथ बापाला सांगतो: घरी आलास की गाय हो. गाय व्यायली की वासराला चाटते, हुंगते, घशातल्या घशात हंबरते. पुढे कळपातून परतताना त्याच वासानं आपलं वासरू नेमकं शोधते, दुसरं लुचायला आलं तर लाथ मारते. वासरू दगावलं तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून गायीपुढे ठेवतात. ती ते हुंगते आणि पान्हा सोडते. गोठ्यात वाढलेल्यांना हे सांगायला नको. उपनिषद रचणारी माणसं गोठ्याजवळच राहत होती.

याच गृह्यसूत्रात आणखी एक बारीक तपशील आहे. मुलीच्या बाबतीत हा विधी मंत्राविना करायचा. वाचताना टोचतं, टोचायलाच हवं. शंभर वर्षं जगण्याचा मंत्र मुलाला आणि मुलीला शांतता. पण मंत्र काढून घेतला तरी कृती राहिली. बाप प्रवासाहून येऊन मुलीचंही डोकं हातात धरणार आणि हुंगणार. ज्यांनी तिचे शब्द हिरावले त्यांनाही तिचा वास हिरावता आला नाही. मला तर वाटतं, मंत्राविना केलेलं तेच अवघ्राण शुद्ध असेल.

माझे वडील फिरतीच्या नोकरीत होते. महिन्याकाठी पंधरावीस दिवस बाहेर. रात्री उशिरा एसटीनं यायचे, मोरीत हातपाय धुऊन आम्ही झोपलो होतो तिथे यायचे. आम्ही जागे असलो तरी डोळे मिटून पडायचो. ते बसायचे, वाकायचे, आणि केसांत त्यांचा मोठा श्वास जाणवायचा. मुका त्यांनी कधी घेतल्याचं मला आठवत नाही. त्यांनी उपनिषद वाचलेलं नव्हतं, आणि हजारो वर्षांची परंपरा त्यांच्यात उतरली होती असलं काही मी म्हणणार नाही. मी एवढंच म्हणतो की प्रवासाहून परतलेल्या बापाला काय करावंसं वाटतं हे त्या सूत्रकाराला माहीत होतं.

एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय अभ्यासकांना ही कृती विचित्र वाटली. डार्विननं 1872 च्या आपल्या भावाभिव्यक्तीवरच्या पुस्तकात चुंबनाची नोंद घेतली आहे. युरोपियांना ते इतकं अंगवळणी पडलं आहे की उपजत वाटावं, पण तसं नाही, असं त्यानं स्वच्छ लिहिलं. टिएरा देल फुएगोच्या लोकांना चुंबन माहीत नव्हतं आणि कुठे नाकाला नाक घासतात, हेही सांगितलं. डार्विन सावध होता. त्याच्यानंतर मात्र एक शिडी तयार झाली: खालच्या पायरीवर हुंगणारे, वरच्या पायरीवर ओठांनी चुंबन घेणारे. अमेरिकी संस्कृततज्ज्ञ ई. वॉशबर्न हॉपकिन्स यांनी 1907 मध्ये प्राचीन भारतातल्या या हुंगण्यावर एक अभ्यासपूर्ण लेख लिहिला. त्यांनी जमवलेली उदाहरणं आजही उपयोगी आहेत, पण या कृतीला त्यांनी दिलेलं जोडनाव ‘हुंग-चुंबन’ असं आहे. त्या नावातच ती चुंबनाची पोटजात होऊन बसते.

शिडी खरी असती तर चुंबन आल्यावर हुंगणं मागे पडायला हवं होतं. तसं झालं नाही. वात्स्यायनानं कामसूत्रात चुंबनाचा स्वतंत्र अध्याय लिहिला आणि त्याचे इतके प्रकार केले की मोजताना दमायला होतं: निमित्तक, स्फुरितक, घट्टितक, सम, तिर्यक्, उद्भ्रान्त, अवपीडितक. प्रिय व्यक्तीच्या आरशातल्या किंवा भिंतीवरच्या सावलीचं चुंबन, तिच्यादेखत एखाद्या मुलाचं किंवा चित्राचं घेतलेलं ‘संक्रान्त’ चुंबन, यांनाही त्यानं नावं दिली. चुंबनाला इतके शब्द असलेल्या भाषेत कालिदास रामाला भरताचं चुंबन घ्यायला लावत नाही, हुंगायला लावतो. शब्द नव्हता म्हणून नव्हे. दोन गोष्टी दोन होत्या म्हणून.

शब्द नसणं म्हणजे काय, याचंही एक सुंदर उदाहरण महाभारतातच आहे. वनपर्वातला ऋष्यशृंग रानात वाढलेला. त्यानं बाईच पाहिलेली नाही. आश्रमात आलेली गणिका निघून गेल्यावर तो वडिलांना भाबडेपणानं सांगतो की त्या तपस्व्यानं माझ्या तोंडावर तोंड ठेवून आवाज केला आणि मला फार आनंद झाला. त्याच्याकडे चुंबनासाठी शब्द नाही, म्हणून तो कृतीचं वर्णन करतो. आज आपली अवस्था नेमकी उलट आहे. आपल्याकडे ‘चुंबन’ आहे, आणि मस्तक हुंगण्याला शब्द नाही.

दुसऱ्या भाषांत तो आहे. मलय भाषेत ‘चियुम’ म्हणजे वास घेणंही आणि मुका घेणंही. थाई भाषेत ‘होम’ म्हणजे सुगंधी, आणि गालाशी नाक नेऊन घेतलेल्या मायेच्या श्वासालाही तोच शब्द. न्यूझीलंडच्या माओरींमध्ये नाकाला नाक लावून एकमेकांचा श्वास वाटून घेतात, त्याला ‘होंगी’ म्हणतात. आपल्या हुंगण्याशी तो शब्द ऐकायला जुळतो, पण तो निव्वळ योगायोग. या लोकांना कुठलीही शिडी चढायची नाही. 2015 मध्ये विल्यम जँकोविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 168 संस्कृतींची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या 46 टक्के संस्कृतींतच स्त्रीपुरुषांमधलं ओठांचं चुंबन आढळलं. ओठांचं चुंबन हाच मायेचा सार्वत्रिक नियम आणि बाकीचे अपवाद, असं मानायला आधार उरत नाही.

उलट दिशेची एक चूकही आपल्याकडे आवडीनं केली जाते. चुंबन जगाला भारतानं दिलं, वेदांत त्याचा पहिला उल्लेख आहे, अलेक्झांडरच्या सैनिकांनी ते पश्चिमेला नेलं, असं सांगितलं जातं; अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ व्हॉन ब्रायंट यांच्यामुळे हे मत खूप पसरलं. 2023 मध्ये ट्रोल्स पांक आर्बोल आणि सोफी लुंड रासमुसेन यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवलं की मेसोपोटेमियातल्या मातीच्या पाट्यांवर इ.स.पू. 2500 च्या सुमारास चुंबनाचे उल्लेख आहेत. पहिलेपणाचा मान गेला याचं मला जराही वाईट वाटत नाही. वैदिक उल्लेख म्हणून जे दाखवले जातात त्यांत हुंगण्याचे उल्लेखही ओढून आणलेले असतात. म्हणजे तिकडच्यांनी आपल्या हुंगण्याला कच्चं चुंबन ठरवलं, आणि आपण अभिमानापोटी त्यालाच पक्कं चुंबन ठरवलं. हुंगण्याला हुंगणं राहू द्यायला कुणीच तयार नाही.

आपल्याला त्या शब्दाची लाज वाटते, हे त्यामागचं खरं कारण. ‘हुंगणं’ आज कुत्र्यामांजरांकडे गेलं आहे. माणूस हुंगतो म्हटलं की संशय येतो किंवा किळस. राजानं राजपुत्राला हुंगलं असं लिहायला भाषांतरकाराची लेखणी धजत नाही. ‘अवघ्राण केले’ लिहावं तर वाचकाला कळत नाही. मग ‘चुंबन’ सोयीचं पडतं. मी त्याला दोष देणार नाही. पण मराठी बोलीत एक वाक्प्रचार आहे, ‘त्याला कुत्रंसुद्धा हुंगणार नाही’. पुरता टाकलेला, कुणी ओळख न देणारा माणूस. म्हणजे हुंगणं ही ओळख आहे, आणि ती मिळाली नाही तर माणूस माणसांतून उठतो, हे या हिणकस वाक्प्रचारानं अजून धरून ठेवलं आहे. शकुंतलेचा मुलगा आकाशवाणीआधी त्या दरबारात असाच उभा होता.

आणि कृती तर गेलेलीच नाही. बाळंतिणीच्या खोलीत जाऊन बघा. बाळाला न्हाऊ घालतात, शेगडीवर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग टाकून धुरी देतात, टाळू तेलानं भरतात, वेखंड लावतात. मग घट्ट गुंडाळलेलं ते गाठोडं घरातल्या बायकांच्या हातांतून फिरतं आणि जिच्या हाती येतं ती आधी नाक त्याच्या टाळूवर टेकवते. त्या वासात धुरी, तेल, दूध सगळं असतं, आणि त्याखाली बाळाचा स्वतःचा वास. या कृतीला कुणी नाव देत नाही. विचारलं तर ‘पापा घेतला’ म्हणतील. ओठ लागलेलेही नसतात.

शास्त्रज्ञांनी अलीकडे याच्याकडे लक्ष दिलं आहे. 1983 मध्ये रिचर्ड पोर्टर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की नुकती बाळंत झालेली आई केवळ कपड्याच्या वासावरून आपलं बाळ ओळखू शकते. 2013 मध्ये योहान लुंडस्ट्रोम आणि सहकाऱ्यांनी 30 स्त्रियांना नवजात बाळांच्या सदऱ्यांचा वास देऊन त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. त्यांतल्या 15 नुकत्या आई झालेल्या होत्या. बाळं त्यांची स्वतःची नव्हती, तरीही मेंदूत सुखाशी, बक्षिसाशी जोडलेला भाग उजळला, आणि आयांमध्ये जास्त. ऋषींना हे सगळं आधीच ठाऊक होतं असं म्हणण्याचा मोह इथे टाळायला हवा. त्यांना मेंदू ठाऊक नव्हता. त्यांना गाय ठाऊक होती, आणि तेवढं पुरलं.

एक गोष्ट मात्र या परंपरेत मला खटकते. अवघ्राण नेहमी वरून खाली होतं. थोरल्यानं धाकट्याचं डोकं हुंगायचं, धाकट्यानं थोरल्याच्या पायांवर डोकं ठेवायचं. म्हातारी माणसं मग या सुखातून बाद होतात. त्यांना नमस्कार मिळतात, त्यांच्या केसांत कुणी नाक खुपसत नाही. पण आजारी म्हाताऱ्या आईच्या उशाशी बसून तिच्या पदराचा, केसांचा वास घेणारी प्रौढ मुलं मी पाहिली आहेत. सूत्रात नसलेलं ते अवघ्राण आहे.

परगावाहून येणं हल्ली बदललं आहे. पुण्यातली आजी न्यू जर्सीतल्या नातवाला रोज पडद्यावर बघते. तो तळहाताला ओठ लावून मुका तिच्याकडे उडवतो, ती झेलते आणि परत पाठवते. चुंबनाची ही मोठी सोय आहे. ते खूण होऊ शकतं, हवेतून, पत्रातून, फोनमधून जाऊ शकतं. वात्स्यायनानं सावलीचं चुंबन सांगितलं तेव्हाच हे सिद्ध झालं होतं. अवघ्राणाला सावली चालत नाही. त्याला ते डोकंच लागतं, हाताच्या अंतरावर. म्हणून सुटी संपवून लेक परत गेली की आजी बाळाचं एक झबलं न धुता कपाटात ठेवून देते. घरातले हसतात. पोर्टरच्या प्रयोगातल्या आयांच्या हातात तेच दिलं होतं.

महाभारताच्या शेवटाकडे, आश्रमवासिक पर्वात, धृतराष्ट्र वनात जायची परवानगी मागायला युधिष्ठिरापुढे बसतो. शंभर मुलं गेलेली, उपवासानं शरीर खंगलेलं; बोलता बोलता त्याला घेरी येते. युधिष्ठिर त्याच्या छातीवरून, तोंडावरून गार पाण्याचा हात फिरवतो. शुद्धीवर आल्यावर म्हातारा म्हणतो की तो हात पुन्हा लाव, मला मिठी मार, मला तुझं मस्तक हुंगायचं आहे. याच आंधळ्यानं युद्ध संपल्यावर भीम समजून लोखंडाचा पुतळा मिठीत चुरडला होता. इतकी वर्षं त्यानं पांडूच्या मुलांना परकं मानलं, आणि डोळे नसल्यामुळे त्यांना पाहिलं तर कधीच नव्हतं. आता तो युधिष्ठिराला जवळ बोलावतो आणि त्याच्या डोक्यावर वाकतो.